‘अस्तुरियास’ अस्तुरियासचं नाही: अल्बेनिथ वाजवण्याआधी

विचारलेलं थोडक्यात असं आहे: क्लासिकल गिटारवर ‘अस्तुरियास’ बसवायला घेतलं आहे, पण तिपटीचा (दोन नोटांच्या वेळात तीन नोटांचा) भाग आला की हात अडखळतो. रचना मूळ गिटारची की पियानोची? ‘अस्तुरियास’, ‘लेयेन्दा’, ‘प्रेलुदिओ’ अशी तीन नावं कशी? संगीतकार लहानपणी बोटीत लपून अमेरिकेला पळाला होता, हे खरं का? आणि यानंतर त्याचं काय घ्यावं?

आधी संगीतकाराच्या नावाचा उच्चार. इसाक अल्बेनिथ. स्पेनच्या बहुतेक भागात शेवटचं अक्षर ‘थ’सारखं म्हणतात, कातालान भाषेत आणि लॅटिन अमेरिकेत ‘स’. माणूस कातालुन्यातला, त्यामुळे ‘अल्बेनिस’ म्हणालात तरी चूक नाही. ‘अल्बेनिझ’ मात्र टाळा.

आता नावांचा घोळ. तो निस्तरला की वाजवण्यातल्या निम्म्या अडचणी कळतात. ही रचना 1892 मध्ये बार्सिलोनात छापली गेली ती ‘शाँ द’एस्पान्य’ (स्पेनची गाणी), ओपस (प्रकाशनाचा क्रमांक) 232, या पियानोच्या संचातली पहिली रचना म्हणून. नाव साधं, ‘प्रेल्यूद’ (स्पॅनिशमध्ये ‘प्रेलुदिओ’). दुसरीकडे, त्याच्या काही वर्षं आधी, 1886-87 च्या सुमारास अल्बेनिथने ‘सुइते एस्पान्योला’ (स्पॅनिश रचनांची माळ) योजली होती. एकेका प्रांताच्या किंवा शहराच्या नावाची एकेक रचना, अशा आठ. प्रत्यक्षात हातावेगळ्या झाल्या चारच: ग्रानादा, कातालुन्या, सेविया आणि कुबा. (क्युबा तेव्हा स्पेनचीच वसाहत, म्हणून ती या यादीत.) उरलेली चार नावं नुसती नावंच राहिली. अल्बेनिथ 1909 मध्ये गेला आणि दोन-तीन वर्षांत लाइप्झिगच्या होफमाइस्टर प्रकाशनाने सुइते ‘पूर्ण’ करून बाजारात आणली. रिकाम्या चार खोक्यांत त्याच्याच दुसरीकडे छापलेल्या रचना भरल्या. ओपस 181 ची ‘सेरेनाता एस्पान्योला’ झाली कादिथ, ओपस 164 मधली ‘होता’ (हा एक नाच) झाली आरागोन, ‘शाँ द’एस्पान्य’मधल्या सेगिदियास झाल्या कास्तिया, आणि त्याच संचातलं प्रेल्यूद झालं अस्तुरियास. वर ‘लेयेन्दा’, म्हणजे दंतकथा, हे उपनाव चिकटवलं. सुइतेचा ओपस 47 हा क्रमांकसुद्धा विश्वास ठेवण्यासारखा नाही. अल्बेनिथचे ओपस क्रमांक बघून कुठली रचना आधीची, कुठली नंतरची हे ठरवायला जाऊ नका, फसाल.

अस्तुरियास हा प्रांत स्पेनच्या उत्तरेला. हिरवा, पावसाळी, डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा. तिथलं ओळखीचं लोकवाद्य गाइता, म्हणजे पिशवीची बासरी. ही रचना आहे दक्षिणेकडची, आंदालुसियातली. तिच्यात फ्लामेंकोची (आंदालुसियाच्या गाण्या-नाचाची) गिटार आहे, टाचांचे ठोके आहेत आणि मधोमध एकट्या गळ्याचं गाणं आहे. उत्तरेचं धुकं वगैरे डोळ्यांपुढे आणून वाजवणारे पुष्कळ भेटतात. ते धुकं होफमाइस्टरच्या कारकुनाने आणलेलं आहे.

म्हणून या माणसाच्या बाबतीत एक सवय लावून घ्या: शीर्षकावर जाऊ नका, नाच कुठला आहे ते बघा. सेविया म्हणजे सेवियानास, कातालुन्या म्हणजे कोरांदा, कास्तिया म्हणजे सेगिदियास, आरागोन म्हणजे ‘होता’. नाच सापडला की वेग, ठोका आणि श्वास आपोआप सापडतात. शहराच्या नावाने फक्त पोस्टकार्ड हाती लागतं.

मूळ वाद्य पियानोच. अल्बेनिथने गिटारसाठी एकही रचना लिहिलेली नाही. पण त्याच्या पियानोच्या कितीतरी रचना गिटारची नक्कल करतात, आणि त्या गिटारवर आल्या की घरी परतल्यासारख्या वाटतात. हे काम त्याच्या हयातीतच सुरू झालं होतं. फ्रान्सिस्को तारेगा या गिटारवादकाने त्याच्या काही रचना गिटारवर उतरवल्या होत्या. ‘अस्तुरियास’ जगभर पोचलं ते मात्र आंद्रेस सेगोवियाच्या गिटारवरून. पियानोवर रचना जी मायनरमध्ये आहे, गिटारवर ई मायनरमध्ये, म्हणजे दीड स्वर खाली. कारण सरळ आहे. रचनाभर एक स्वर सतत ठोकत राहतो, पियानोवर तो डी. दीड स्वर उतरवला की तो होतो बी, आणि बी म्हणजे गिटारची दुसरी तार मोकळी. डावा हात त्या स्वरातून सुटतो आणि खालच्या तारांवरच्या चालीला मोकळा होतो.

आता पहिल्या भागाची एक ओळ जवळून बघू. ताल 3/4. एका बारमध्ये बारा सोळांश नोट, म्हणजे एका ठोक्याला (क्वार्टर नोटला) चार. पियानोवर दोन्ही हात एकमेकांत अडकलेले, जवळपास एकाच जागी: एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा. डावा चाल वाजवतो, उजवा ठोकणारा डी. गिटारवर चाल अंगठ्याकडे आणि बी तर्जनीकडे. म्हणजे ऐकायच्या नोट सहाच, बाकीच्या सहा ठेका धरणाऱ्या. अल्बेनिथने ‘मार्कातो इल कान्तो’ लिहिलंय, गाणं उठून दिसू दे. इथेच पहिली चूक होते. मोकळी तार दाबलेल्या तारेपेक्षा नेहमीच जास्त वाजते, शिवाय तर्जनीला नख असतं. त्यामुळे बी पुढे येतो आणि चाल मागे पडते. उपाय असा: आठवडाभर नुसती चाल अंगठ्याने वाजवा, बी न छेडता, पण बीच्या जागा रिकाम्या ठेवून. मग बी घाला, तो इतका हळू की शेजारच्या खोलीत फक्त चाल पोचावी. तर्जनी तारेवरून वर उचलू नका, तारेच्या अगदी लगत ठेवून नखाच्या कडेने नुसती सरकवा. अंगठा मात्र थोडा टेकवून, म्हणजे छेडल्यावर पुढच्या तारेवर विसावू द्या. आवाज भरीव येतो. जिथे चाल बीच्या लगतच्या तारेवर येते तिथे तो टेकवता येत नाही, तिथे सोडा.

वेग. मूळ खूण आहे ‘आल्लेग्रो मा नॉन त्रोप्पो’, जलद पण फार नाही. यातलं ‘फार नाही’ बहुतेक वादक वाचतच नाहीत.

तुमची खरी अडचण तिपटीची आहे आणि ती मूळ रचनेत नाहीच. अल्बेनिथच्या पानावर पहिला भाग सोळांशांतच चालतो. पियानो पीपीपासून (अगदी हळू आवाजापासून) सुरुवात करून आवाज चढवत चढवत छप्पर फाडतो. गिटारला तेवढा आवाज नाही. म्हणून गिटारच्या प्रचलित आवृत्तीत आवाजाऐवजी दाटी वाढवली: अंगठ्याच्या एका नोटेमागे बी एकदा नाही, दोनदा. एका बारमध्ये बाराच्या अठरा नोट होतात. आता हिशेब करा. क्वार्टर नोट 120 धरली तर सोळांश सेकंदाला 8 पडतात आणि तिपटी 12. सुरुवात 120 ने केली, मजेत चालली, आणि सतराव्या बारच्या आसपास भिंत आली, असं होतं ते यामुळे. वेग ठरवताना पहिली ओळ वाजवून ठरवू नका. तिपटी कुठल्या वेगात स्वच्छ येतात ते मेट्रोनोमवर बघा आणि त्याच वेगाने पहिली ओळ सुरू करा. 96 येत असेल तर 96. ऐकणाऱ्याला वेगवान वाटते ती नोटांची समानता. मेट्रोनोमवरचा आकडा त्याला दिसत नाही.

तिपटीचा क्रम अंगठा, तर्जनी, मधलं बोट असा ठेवा किंवा अंगठा, मधलं, तर्जनी. दोन्ही चालतात, पण मध्येच बदलू नका. बिघडतं ते तिसऱ्या नोटेवर. ती घाईत पडते आणि मग ‘एक-दोनतीन, एक-दोनतीन’ असा लंगडा घोडा ऐकू येतो. यावरचा जुना इलाज अजून चालतो: 60 च्या वेगाने दहा मिनिटं जोर दुसऱ्या नोटेवर द्या, मग दहा मिनिटं तिसऱ्यावर, शेवटी पहिल्यावर. जी नोट आळशी असते तिला कामाला लावलं की तिन्ही सारख्या होतात. तरीही जमत नसेल तर तिपटी सोडा आणि मूळप्रमाणे सोळांशच वाजवा. त्यात कमीपणा काही नाही. आज अनेक वादक मुद्दाम तसंच करतात, आणि संगीतकाराने लिहिलंय तेच वाजवतोय हे छातीठोकपणे सांगू शकतात.

मध्येच जे मोठे कॉर्ड कोसळतात त्या नाचणाऱ्याच्या टाचा समजा, ताकोनेओ. गिटारवर ते रास्गेआदोने, म्हणजे बोटं उघडत तारांवरून झटकून, येतात. हात जोरात फिरवल्यावर पुढची सोळांश नोट उशिरा पडते, कारण मनगट परत जागेवर यायला वेळ लागतो. कॉर्डसाठी हात लांब नेऊ नका, बोटं उघडण्यातूनच जोर काढा. पियानोवर हीच अडचण दुप्पट मोठी आहे: दोन्ही हात मधल्या डीवर अडकलेले असताना क्षणात टोकाच्या सप्तकांत उडी मारून परत यायचं. तिथे उडीचा सराव आवाज न करता करतात. हात कॉर्डवर नेऊन नुसता टेकवायचा, चावी दाबायची नाही, परत यायचं. वीसदा न चुकता टेकला की मग वाजवायचं. उजव्या पायाचं पेडल या भागात जवळपास नकोच. ते दाबून ठेवलं की सोळांशांचा चिखल होतो. कॉर्डपुरतं घ्या आणि सोडा.

मग येतो मधला संथ भाग, आणि बहुतेकांची खरी परीक्षा तिथे आहे, पहिल्या भागात नाही. फ्लामेंकोत गाणारा एक कडवं गातो, त्याला कोप्ला म्हणतात. मध्ये गिटार उत्तर देते. मग पुढची ओळ. अल्बेनिथने ही कोप्ला पियानोवर एकाच वेळी दोन सप्तकांच्या अंतराने लिहिली. वर चाल, दोन सप्तकं खाली तीच चाल, मध्ये काही नाही. त्या पोकळीमुळे एकटा गळा उघड्यावर गातोय असं वाटतं. गिटारवर ती पोकळी मिळत नाही, म्हणून काही जण कृत्रिम हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला घंटेसारखा स्वर) वापरतात, काही जण पुलाकडून सरकून फिंगरबोर्डच्या जवळ छेडतात. दोन्हीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे कोप्ला आधी तोंडाने गा. श्वास कुठे संपतो ते कळलं की लय कुठे सैल सोडायची ते कळतं. पण गिटारच्या उत्तराचे कॉर्ड आले की लय पुन्हा पक्की. आलाप मोकळा आणि ठेका बांधलेला, हे आपल्याकडच्या कानाला समजावून सांगावं लागत नाही. तरी गिटार शिकणारे इथे सगळंच सैल सोडतात. मग कडवं आणि उत्तर वेगळे राहत नाहीत आणि हा भाग न संपणारा वाटतो.

स्वरांचंही तसंच. ई मायनर लिहिलंय म्हणून ई हाच षड्ज धरला तर या रचनेतले अर्धे स्वर उपरे वाटतील. ठोकणाऱ्या बीला सा धरून ऐका. रे कोमल, ध कोमल, नी कोमल, आणि गंधार कधी कोमल, कधी शुद्ध. कोमल गंधार घेतला तर भैरवीचे स्वर, शुद्ध घेतला तर बसंत मुखारीचे. राग नव्हे, हे ठासून सांगतो. चलन, न्यास, वादी-संवादी यातलं काही शोधू नका. पण कुठला स्वर विसाव्याचा आहे हे यातून कानाला कळतं. कोमल रे सा वर उतरतो तो क्षण प्रत्येक ओळीचा शेवट आहे; तिथे जोर देऊ नका, अलगद टेका. पाश्चात्त्य हार्मनी शिकलेला विद्यार्थी त्या बीला पुढे ईकडे नेणारा प्रश्न समजतो आणि ओळ अर्धवट तोडतो. आंदालुसियाच्या कानाला तिथे उत्तर मिळालेलं असतं.

शेवटी पहिला भाग परत येतो आणि त्यानंतर काही बार एकदम संथ, चर्चमधल्या स्तोत्रासारखे. बरेच जण दमलेले असतात आणि ते उरकतात. तिथे मेट्रोनोम बंद करा, पण मनातला थांबवू नका.

चरित्राबद्दल. जन्म 29 मे 1860, काम्प्रोदोन, फ्रान्सच्या सीमेलगतचं पिरेनीजमधलं गाव. वडील आंखेल जकात खात्यात, म्हणून सीमेवर नेमणूक. मुलगा विलक्षण लवकर वाजवू लागला, हे खरं. त्यापुढे ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांतल्या बऱ्याच अल्बेनिथने स्वतः रंगवल्या. बारा वर्षांचा असताना कादिथहून बोटीत लपून अमेरिकेला पळाला आणि पियानो वाजवत पोट भरलं, ही त्यातली सगळ्यात लाडकी. प्रत्यक्षात तो 1875 मध्ये क्युबा आणि पोर्तोरिकोत कार्यक्रम करत होता, आणि त्याच वेळी वडिलांची बदली हवानाला झाली होती. पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर गेला, एवढंच. दुसरी गोष्ट, 1880 मध्ये बुडापेस्टला प्रख्यात पियानोवादक लिस्टकडे शिकल्याची. त्याने रोजनिशीत भेट झाल्याचं लिहून ठेवलंय, पण लिस्ट त्या दिवसांत बुडापेस्टमध्ये नव्हताच. चरित्रकारांनी हे तपासून काढलेलं आहे. तरीही अनेक कार्यक्रम-पत्रिकांवर पळून गेलेला मुलगा अजून बोटीत बसलेलाच असतो. ‘अस्तुरियास’ या नावासारखंच हेही: लेबल आकर्षक, माल वेगळा.

खरा प्रवास त्यापेक्षा कमी नाट्यमय आणि जास्त कामाचा. 1876 मध्ये लाइप्झिगला थोडेच आठवडे, मग राजा आल्फोन्सो बारावा याच्या दरबारातून, त्याचा सचिव काउंट मोर्फी याच्या शब्दावर मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ब्रसेल्स. 1879 मध्ये तिथे पियानोचं पहिलं पारितोषिक. 1883 मध्ये रोसिना खोर्दानाशी लग्न, आणि त्याच सुमारास बार्सिलोनात संगीतकार फेलिपे पेद्रेलची गाठ. स्पॅनिश संगीतकाराने स्पेनच्या लोकसंगीतातून लिहावं, हा पेद्रेलचा आग्रह, आणि ‘सुइते एस्पान्योला’ त्यानंतर लगेचची. 1890 नंतर तीनेक वर्षं लंडन. तिथे फ्रान्सिस मनी-कूट्स हा श्रीमंत इंग्रज कवी भेटला. त्याने पैसा पुरवला, बदल्यात आपल्या संहितांना संगीत मागितलं. त्यातून ‘हेन्री क्लिफर्ड’ (1895) आणि ‘पेपिता खिमेनेथ’ (1896) हे ऑपेरा बार्सिलोनात झाले. ‘मर्लिन’ हा आर्थर राजाच्या कथेवरचा ऑपेरा पूर्ण रंगमंचावर यायला 2003 उजाडलं, माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये. या कराराला ‘सैतानाशी सौदा’ म्हणायची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. त्या पैशामुळे तो कार्यक्रमांच्या दगदगीतून सुटला, आणि शेवटची मोठी रचना शांतपणे लिहू शकला.

1894 पासून पॅरिस. स्कोला कान्तोरुम या संगीतशाळेत पियानो शिकवला, द्युका, फोरे, द’अँदी या फ्रेंच संगीतकारांत वावर. तिथे हार्मनी आणि काउंटरपॉइंटची पकड बदलली. 1892 ची आणि 1906 ची पानं शेजारी ठेवली तर ती एकाच माणसाची वाटणार नाहीत. मूत्रपिंडाच्या विकाराने 18 मे 1909 रोजी फ्रान्सच्या बास्क भागातल्या काम्बो-ले-बँ इथे गेला. पन्नाशी सोडाच, एकोणपन्नासावा वाढदिवसही अकरा दिवसांवर राहिला. बार्सिलोनात मोन्तजुइकच्या दफनभूमीत आहे.

ती मोठी रचना म्हणजे ‘इबेरिया’. 1905 च्या अखेरीपासून 1909 च्या सुरुवातीपर्यंत लिहिलेल्या पियानोच्या बारा रचना, तीन-तीनच्या चार वह्या. सगळ्या सलग वाजवल्या तर जवळजवळ दीड तास. पहिलं वादन ब्लांश सेल्व्हा या पियानोवादिकेने केलं: पहिली वही पॅरिसला साल प्लेयेलमध्ये 9 मे 1906 रोजी, शेवटची फेब्रुवारी 1909 मध्ये, तो जाण्याच्या तीन महिने आधी. लिहिताना मनात बरेचदा कातालान पियानोवादक खोआकिन मालात्सचे हात होते. बारापैकी ‘लावापिएस’ माद्रिदच्या वस्तीवरचं, ‘एवोकासिओन’ कुठल्याच गावाचं नाव घेत नाही, बाकी आंदालुसिया. इथे शीर्षकं खरी बोलतात. ‘त्रियाना’ म्हणजे सेवियाची नदीपलीकडची वस्ती, ‘एल आल्बाइसिन’ ग्रानादातली, ‘एरितान्या’ सेवियाबाहेरची खानावळ. ‘कॉर्पुस’च्या मिरवणुकीत ढोल दुरून जवळ येतो, ‘ला तारारा’ ही गल्लीतली चाल वाजते, तिच्यावर साएता (मिरवणुकीत गायचं धार्मिक गाणं) कोसळते, आणि मग मिरवणूक निघून गेल्यावर कितीतरी वेळ नुसत्या घंटा.

‘इबेरिया’ अवघड का, तर तो एका पियानोवर तीन माणसं बसवतो: गिटारवाला, गाणारा, नाचणारी. बऱ्याच ठिकाणी छापील पानावर दोन हातांच्या दोन ओळी पुरत नाहीत, तीन लागतात. हात एकमेकांवरून, एकमेकांखालून जातात. वर आवाजाच्या खुणा पाच-पाच पी (अतिहळू) आणि पाच-पाच एफपर्यंत (अतिमोठा). ‘एवोकासिओन’ ए फ्लॅट मायनरमध्ये, म्हणजे सातही फ्लॅट, वर अपघाती डबल फ्लॅट. वाचनातच महिना जातो. इथे कुणी लाजू नये: पेन्सिलने सोपी स्वरनावं वर लिहून ठेवा. उजव्या हाताची एखादी नोट डाव्याने घेता येत असेल तर खुशाल घ्या. ऐकणाऱ्याला ओळ ऐकू येते, हात दिसत नाही. स्पॅनिश पियानोवादक आलिसिया दे लारोचाचे हात लहान होते आणि ‘इबेरिया’चं सगळ्यात विश्वासाचं ध्वनिमुद्रण आजही अनेकांच्या मते तिचंच. तिने ते एकदा नव्हे, अनेकदा केलं.

लयीत अडकायला होतं ते ‘इबेरिया’मधल्या ‘रोंदेन्या’त. एक बार 6/8, पुढचा 3/4, असं आलटून पालटून. मोजदाद दोन्हींत सहाच आठांश, पण जोर वेगळे. पियानोपासून उठा आणि टाळी द्या. दोन बार मिळून बारा मोजा, टाळी 1, 4, 7, 9, 11 वर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. बारा मात्रा म्हणून एकताल मनात आणू नका, तिथे दोन-दोनचे सहा आहेत. इथे पहिला अर्धा तिनाने धावतो आणि दुसरा दोनाने अडतो. हाच सांगाडा एका घराने सरकवून मोजलात, 12, 3, 6, 8, 10, की तो फ्लामेंकोच्या सोलेआ आणि बुलेरिया या प्रकारांचा बारा मात्रांचा फेरा होतो. तिथे वादक 12 पासून मोजू लागतात आणि ओळ बऱ्याचदा 10 वर बसते. आपल्या समेची सवय असलेल्याला हे सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण वजन शेवटाकडे साचतं. दोन आठवडे रोज पाच मिनिटं टाळी दिली की हात विचारणार नाहीत. न दिल्यास 3/4 चा बार आपोआप लांबतो आणि नाचणारी पडते.

‘अस्तुरियास’नंतर काय, तर गिटारवर ‘काप्रिचो कातालान’ (ओपस 165 मधलं पाचवं) हात शांत करायला उत्तम. मग ‘ग्रानादा’: पियानोवर एफ मेजर, गिटारवर ई मेजर. मूळ पानावर चाल डाव्या हातात, मधल्या पट्टीत आहे आणि उजवा हात वरून गिटारसारखे कॉर्ड विस्कटतो. गिटारवाले उलट वरचे कॉर्ड पुढे आणतात आणि चाल बुडते. मूळ पान एकदा बघितलं की ही चूक होत नाही. ‘सेविया’ त्यानंतर. तिथे सहावी तार डी आणि पाचवी जी करावी लागते. पाचवी वाद्यावर बसायला वेळ घेते, म्हणून सूर आधी दहा मिनिटं लावून ठेवा आणि वाजवण्याआधी पुन्हा तपासा. पियानोवर ओपस 165 मधला डी मेजरचा ‘तांगो’ आणि ‘मालागेन्या’, मग ‘कोर्दोबा’, मग ‘अस्तुरियास’, आणि ‘इबेरिया’त शिरायचंच तर ‘एवोकासिओन’च्या दारातून. ‘लावापिएस’ला शेवटपर्यंत हात लावू नका.

‘नावारा’ कुठे भेटलं तर ते ‘इबेरिया’चं समजू नका. चौथ्या वहीसाठी सुरू केलं होतं, पण बाकीच्यांपुढे ते फारच बाजारी वाटतं म्हणून त्याने बाजूला ठेवलं आणि जागेवर ‘खेरेस’ लिहिलं. अपुरं राहिलेलं ते फ्रेंच संगीतकार देओदा द सेव्हराकने पुरं केलं.

पानं कुठली घ्यायची? अल्बेनिथला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, मूळ पियानोच्या रचना भारतात मुक्त आहेत आणि जुन्या छपाईचे स्कॅन सहज मिळतात. ‘इबेरिया’साठी मात्र जुनी छपाई नको, तिच्यात अपघाती खुणांच्या (शार्प-फ्लॅटच्या) चुका आहेत, हेनले प्रकाशनाची किंवा गिल्येर्मो गोन्सालेसने तपासलेली आवृत्ती घ्या. सेगोविया 1987 मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या गिटार आवृत्तीवर हक्क चालू आहेत; तिच्या छायाप्रती वाटू नका. ‘अस्तुरियास’साठी गिटारचं कुठलंही पान घेतलंत तरी शेजारी 1892 च्या पियानोच्या पानाची प्रत ठेवा, आणि पहिल्या ओळीवर नाव खोडून पेन्सिलने ‘प्रेल्यूद’ लिहा.